‘फोटो टाकलाच कशाला?’ या प्रश्नाला उत्तर

शाळेत सायबर सुरक्षेचे व्याख्यान असो, पालकसभा असो, की तक्रार घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढलेली मुलगी असो, एक प्रश्न हटकून कानावर येतो : फोटो टाकलाच कशाला? विचारणाऱ्याच्या मनात सहसा वाईट हेतू नसतो. पण त्या प्रश्नामागे एक पुरा सिद्धान्त उभा आहे, आणि तो इतका सर्वमान्य झाला आहे की त्याला कोणी सिद्धान्त म्हणत नाही, शहाणपण म्हणतात. तो आधी त्याच्याच शब्दांत मांडतो.

समाजमाध्यम हा चव्हाटा आहे. तिथे जायचे की नाही, गेल्यावर काय दाखवायचे, कोणाशी बोलायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. खाते खासगी ठेवावे, अनोळखी माणसाची विनंती स्वीकारू नये, पासवर्ड कोणाला सांगू नये, मुलींनी तर स्वतःचे फोटो टाकूच नयेत. एवढे पाळणाऱ्याला भय नाही. ज्याला त्रास झाला त्याने यातले काहीतरी पाळलेले नसणार. म्हणजे सुरक्षित राहणे हा वापरणाऱ्याचा गुण आणि फसणे हा त्याचा अवगुण.

या मताच्या पदरी सत्याचा जो अंश आहे तो नाकारण्यात अर्थ नाही. ‘चुकून माझा सहा आकडी कोड तुमच्या नंबरवर आला आहे, तेवढा पाठवा’ असा ओळखीच्या माणसाच्या नावाने निरोप येतो, आपण तो कोड पाठवतो आणि आपले व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्याच्या हाती जाते. तो कोड आपल्याच खात्याची किल्ली असतो. तो कोणालाही न देणे आणि दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवणे हे ज्याचे त्यानेच करायचे काम आहे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हवा, हेही खरे. अशा सूचना मी स्वतः देतो आणि त्या दिल्याच पाहिजेत. माझा वाद सूचनांशी नाही. त्या सूचनांवरून जो निष्कर्ष काढला जातो, की एवढे केले की माणूस सुरक्षित आणि असुरक्षित झाला तर दोष त्याचा, त्या निष्कर्षाशी आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही, आणि त्याने पीडितांचे नुकसान होते.

पूर्वपक्षाचा आवडता दृष्टान्त कुलपाचा. घराला कुलूप लावत नाही का, मग खात्याला लावायला काय होते? दृष्टान्त त्यांचाच घेऊ. घराची किल्ली माझ्यापाशी असते. समाजमाध्यमावर माझ्या घराच्या किल्ल्या माझ्या प्रत्येक परिचिताच्या खिशात असतात, आणि घर बांधणाऱ्याकडेही एक असते. शिवाय कुलूप फोडून चोरी झाली तर आपण पंचनामा करतो. घरमालकाला ‘घर बांधलेच कशाला’ असे कोणी विचारत नाही.

ही किल्ल्यांची गोष्ट आकड्यांत पाहायची तर २०१८ सालचे केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण पाहावे. फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व चाचणीचे अ‍ॅप होते. ते घेणाऱ्याची माहिती तर त्या अ‍ॅपला मिळेच, पण त्या काळच्या फेसबुकच्या रचनेमुळे त्याच्या मित्रयादीतल्या लोकांचीही मिळे. त्या मित्रांना कोणी विचारले नव्हते. ही माहिती पुढे राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीच्या हाती गेली. जगभरातल्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अशी गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. भारतापुरता हिशेब कंपनीने वेगळा दिला होता. ते अ‍ॅप भारतात घेणारे लोक होते ३३५. ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती असे एकूण लोक होते ५,६२,४५५.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. निष्काळजीपणाच ठरवायचा म्हटला तर तो फार तर ३३५ जणांचा. उरलेल्या ५ लाख ६२ हजारांनी काय करायला हवे होते? त्यांनी कोणतीही चाचणी दिली नव्हती, कोणताही दुवा उघडला नव्हता. मित्र केला, एवढाच त्यांचा अपराध. आणि मित्र करणे हेच तर त्या माध्यमाचे काम. या प्रकरणानंतर २०१९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला. दंड कंपनीला झाला, त्या ३३५ जणांना नाही. दोष कोणाकडे होता हे तिथल्या नियामकाला कळले होते.

हीच गोष्ट फोन नंबरांची. २०२१ च्या एप्रिलमध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांचे फोन नंबर व अन्य तपशील इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. मोबाइलमधल्या संपर्कयादीवरून ओळखीचे लोक शोधून देण्याची जी सोय कंपनीने केली होती तिचा गैरवापर करून ते २०१९ पर्यंत गोळा केले गेले होते. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मेटा या फेसबुकच्या मालक कंपनीला त्याबद्दल २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला, आणि दंडाचे कारण होते रचनेतच संरक्षण न ठेवणे. आज फसवणूक करणारा आपल्याला नावाने हाक मारतो, तेव्हा ‘याला माझे नाव कसे कळले, मी कुठे चुकलो’ असे माणूस स्वतःलाच विचारत बसतो. पुष्कळदा तो कुठेच चुकलेला नसतो.

आता कोणी म्हणेल, माहिती गेली तर गेली, जीव तर गेला नाही. जीवही गेले आहेत, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात पसरली होती. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी ही माणसे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्यांची खाती खासगी होती की सार्वजनिक? त्यांनी कोणाची विनंती स्वीकारली होती? या प्रश्नांना काही अर्थच नाही. समाजमाध्यमाने त्यांचा घात केला तेव्हा ती माणसे त्या माध्यमाच्या बाहेर, उन्हातान्हात रस्त्यावर होती. वापरणाऱ्याची सावधगिरी हीच सुरक्षा असे मानणाऱ्या सिद्धान्तात या पाच जणांना जागा नाही, आणि ज्या सिद्धान्तात त्यांना जागा नाही तो मला मान्य होणे शक्य नाही.

राईनपाड्यानंतर काय झाले हे तर या वादात सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘निरोप पुढे पाठवण्याआधी विचार करा’ अशी प्रवचने त्याआधीही चालू होती. त्या जुलैतच देशभरच्या अशा हत्यांनंतर सरकारने जाब विचारला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने यंत्रणेत बदल केले. पुढे पाठवलेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी निरोप पाठवता येईनासा झाला, चित्राशेजारचे झटपट पाठवायचे बटण काढून टाकले गेले. २०१९ च्या जानेवारीत पाचाची मर्यादा जगभर लागू झाली. मग २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या अफवांचा सुळसुळाट झाला तेव्हा, अनेकदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. अशा निरोपांचा फैलाव त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. लोकांचा स्वभाव त्या काही आठवड्यांत बदलला नव्हता. तीच माणसे, तेच गट, सकाळी सुप्रभात धाडणारे तेच काका. बदलले होते ते बटण. जे बटण कंपनीला २०२० मध्ये बदलता आले ते २०१८ च्या जूनमध्येही बदलता आले असते, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, फोटोकडे येतो, कारण ‘मुलींनी फोटो टाकू नयेत’ हा पूर्वपक्षाचा बालेकिल्ला आहे.

२०२२ च्या १ जानेवारीला एका अ‍ॅपवर अनेक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी लावलेले आढळले. सहा महिन्यांपूर्वीही तसाच प्रकार झाला होता. या स्त्रियांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, समाजात आवाज असलेल्या बायका होत्या. फोटो त्यांच्या सार्वजनिक खात्यांवरून उचलले होते. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने त्यात काही जणांना अटक केली. या स्त्रियांनी फोटो टाकायला नको होते, असे ज्याला म्हणायचे आहे त्याने पुढचे वाक्यही म्हणावे : पत्रकार स्त्रीने आपल्या लेखाखाली चेहरा दाखवू नये, वकील स्त्रीने सभेतले छायाचित्र लावू नये, म्हणजेच तिने सार्वजनिक जीवनात असू नये. त्यांना गप्प करावे हाच त्या अ‍ॅपवाल्यांचा हेतू होता. सुरक्षेचा सल्ला आणि गुन्हेगाराची मागणी जेव्हा एकच होते तेव्हा त्या सल्ल्यात काहीतरी मुळातच चुकले आहे.

आणि तो सल्ला पाळून तरी सुटका कुठे आहे? २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच एका स्त्रीच्या चित्रफितीवर बसवून ती फिरवली गेली. चेहरा एकीचा, शरीर दुसरीचे, आणि दोघींपैकी कोणीही काही गैर केलेले नव्हते. असे बनावट चित्र करायला आता एक साधा फोटो पुरतो. तो गॅदरिंगचा असेल, मावसभावाच्या लग्नातला असेल, शाळेने गुणवंतांच्या यादीत छापलेला असेल. मुलीने स्वतः एकही फोटो टाकला नाही तरी जग तिचा फोटो टाकतच असते.

दोष बाईच्याच माथी मारण्याची ही रीत जुनी आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या वागणुकीवर झोड उठली. पुढच्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उलट विचारले, की या साऱ्या प्रकरणात पुरुष कुठे आहे? त्या पुस्तकावर गदारोळ झाला तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘फोटो टाकलाच कशाला’ या प्रश्नातही चोरणारा, विकृत करणारा, धमकावणारा, आणि ते सारे चालू देणारी कंपनी यांपैकी कोणीच नाही. प्रश्नात एकटी मुलगीच आहे. इतक्या वर्षांनंतरही ताराबाईंचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो, याचे मला दुःख होते.

या सिद्धान्ताने होणारे खरे नुकसान मात्र पुढे आहे. नग्न चित्रफितीची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्या टोळ्या कशा काम करतात ते पाहावे. अनोळखी खात्यावरून गोड ओळख होते, मग व्हिडिओ कॉल येतो, समोर कोणा स्त्रीचे चित्रण चालू असते, काही क्षणांत आपला चेहरा त्यासोबत टिपला जातो. लगेच तो तुकडा आणि आपल्या मित्रयादीतली चार-सहा नावे आपल्याला पाठवली जातात : पैसे द्या, नाहीतर या सर्वांना धाडतो. थोड्या वेळाने पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणारा फोन येतो. यात मध्यमवयीन पुरुष फसतात, निवृत्त माणसे फसतात, विद्यार्थी फसतात. या धंद्याला भांडवल लागते ते एकच, फसलेल्या माणसाची लाज. घरी कळले तर आपल्यालाच दोष देतील, ही खात्री जितकी पक्की तितका धमकावणाऱ्याचा भाव वाढतो. आपण व्याख्यानांतून, घरातल्या बोलण्यातून वर्षानुवर्षे जे सांगत आलो, की फसतो तो स्वतःच्या चुकीने, त्यातून ते भांडवल या टोळ्यांना फुकट मिळते. एक हप्ता दिला की दुसरा मागितला जातो. यात आत्महत्याही झाल्या आहेत.

मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. तिने घरी सांगितले की पहिली शिक्षा तिलाच होते : फोन काढून घेतला जातो. २०१६ साली गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुरज गावाने अविवाहित मुलींना मोबाइल वापरायला बंदी केली आणि दंड ठरवला. ते गाव बातमीत आले. ज्या हजारो घरांत ठराव न करताच तेच होते त्यांची बातमी होत नाही. फोनबरोबर तिचा ऑनलाइन अभ्यास जातो, अर्ज भरणे जाते, मैत्रिणी जातात. हे पाहिलेली धाकटी बहीण पुढे तोंड उघडेल कशी?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, मग काय कोणी काळजीच घेऊ नये? याचे उत्तर वर दिलेच आहे. काळजी घ्यावी, पण न घेतल्याचा दोष गुन्ह्याच्या दोषाशी गल्लत करून मोजू नये. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. व्यक्तीवर सोडायचे नाही म्हणजे सरकारच्या हाती द्यायचे, आणि सरकारच्या हाती दिले की लोकांची तोंडे बंद होतात. ही भीती पोकळ नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन शब्द लिहिले, दुसरीने ते आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. नातलगाच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले.

म्हणूनच माझी मागणी लोकांच्या बोलण्यावर पहारा बसवा अशी नाही. मागणी कंपन्यांच्या रचनेबद्दल आहे : खाते उघडल्याबरोबर काय आपोआप चालू असते आणि काय बंद, एवढ्याबद्दल. इन्स्टाग्रामवर किशोरवयीन मुलांची खाती मुळात सार्वजनिक असत आणि व्यावसायिक प्रकारचे खाते घेतलेल्या मुलांचे फोन नंबर व ईमेल उघड दिसत. आयर्लंडच्या आयोगाने त्याबद्दल २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ४० कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. चौकशी चालू असतानाच, २०२१ मध्ये, कंपनीने सोळा वर्षांखालच्या मुलांची नवी खाती आपोआप खासगी ठेवायला सुरुवात केली. पुढे किशोरांसाठी वेगळी खाती आली, ती २०२५ मध्ये भारतातही आली. तेरा वर्षांच्या मुलीने सेटिंग शोधून जे बटण दाबावे अशी आपली अपेक्षा होती ते कंपनीला स्वतः दाबून ठेवता येत होते. त्याने कोणाचे भाषणस्वातंत्र्य गेले नाही. ऑस्ट्रेलियाने २०२५ च्या डिसेंबरपासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातीच ठेवू न देण्याचा कायदा अमलात आणला. तशी सरसकट बंदी मला पटत नाही. पण त्या कायद्यात दंड कंपन्यांना आहे, मुलांना वा पालकांना नाही, हे तत्त्व मात्र पटते.

आपल्याकडेही साधने नाहीत असे नाही. दुसऱ्याच्या नावाने खाते काढून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ड कलमाखाली गुन्हा आहे, खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपणे वा पसरवणे ६६ई खाली. २०२१ च्या नियमांनी नग्न वा बनावट चित्राबद्दल पीडिताची तक्रार आल्यावर ते २४ तासांत हटवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आणि तक्रार अधिकारी नेमायला लावला. २०२३ पासून त्याच्या निर्णयावर अपील समितीकडे दाद मागता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ या उपक्रमात तर आपले चित्र कोणाला न दाखवता, त्याचा फक्त सांकेतिक ठसा पाठवून ते सहभागी माध्यमांवर रोखता येते. सायबर सुरक्षेच्या किती व्याख्यानांत हे सांगितले जाते? माझ्या पाहण्यात अगदी थोड्या. पासवर्डावर अर्धा तास जातो, मुलींच्या फोटोंवर अर्धा तास जातो, आणि फसल्यावर काय करायचे हे सांगायला वेळ उरत नाही.

शिक्षकांना, पालकांना आणि सायबर शाखेतल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी मूल किंवा मोठे माणूस असे काही सांगायला आले तर ‘टाकलाच कशाला’ हे शब्द गिळून टाका. धमकीचे निरोप पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, खात्याचा पत्ता लिहून ठेवा, पैसे देऊ नका असे सांगा. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० ला फोन लावून द्या. चित्राचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा; स्त्रिया व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. आणि तिचा फोन तिच्याकडेच राहू द्या.